खेळातला काटा कोण तपासणार?

मागच्या महिन्यात ताईचा फोन आला. "अरे, माझ्या खात्यातून एकोणतीस-एकोणतीस रुपये कुठं चाललेत बघ बरं. तू पेपरवाला, तुला कळंल."

तालुक्याच्या बातमीदाराला कळतं ते पाणीटंचाईचं, बाजार समितीचं आणि पोलिस ठाण्यातल्या डायरीचं. तरी गेलो. दोन महिन्यांचे बँकेचे मेसेज काढून बसलो. २९, २९, ८९, २९, १५९... बेरीज निघाली ३,१७० रुपये. ताई डबे करून देते. सत्तर रुपयाला एक डबा. म्हणजे पंचेचाळीस डब्यांचे पैसे गेले.

शोध लागायला वेळ लागला नाही. भाचा नववीत आहे. डब्याच्या गिऱ्हाइकांचा हिशेब तोच फोनवर बघतो, त्यामुळे पिन त्याला पाठ. दाजी उठलेच होते हात उगारून. "जुगार खेळतोस? रम्मी?"

पोरगं रडवेलं झालं. मला म्हणालं, "मामा, रम्मी नाही हो. आरपीजी आहे. माझी लेव्हल ३४ वर अडकलीय. खालच्या मॉन्स्टरना मारलं तर एक्सपीच मिळत नाही, आणि वरचे मॉन्स्टर मला मारून टाकतात. म्हणून बूस्टर घेतला."

घरात कुणालाच काही उमगलं नाही. मला मात्र पोराचं वाक्य न् वाक्य समजलं. आणि त्याच्यावरचा राग निम्मा तिथंच उतरला. का, ते सांगण्यासाठी ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल तर शेवटपर्यंत वाचा. घरात दहा ते वीस वयाचं पोर आणि हातात मोबाइल असेल, तर वेळ काढून वाचा.

२००६ च्या सुमाराची गोष्ट. पत्रकारितेचा डिप्लोमा नुकताच झालेला, पेपरात स्ट्रिंगर म्हणून लागलो होतो. बातमी पाठवायला स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत जायचो. तासाला वीस रुपये. बातमी अर्ध्या तासात जायची, उरलेल्या अर्ध्या तासात कॅफेवाल्या पोरानं मला रूनस्केप नावाचा खेळ शिकवला. ब्राउझरमध्ये चालायचा, फुकट होता. एक माणूस घ्यायचा, त्याला कोंबड्या मारायला लावायच्या, मग गाई, मग गॉब्लिन. मारलं की अनुभव वाढतो. त्यालाच एक्सपी म्हणतात. एक्सपी साठला की लेव्हल वाढते, लेव्हल वाढली की मोठ्या शत्रूशी लढता येतं. ज्यांनी कधीच खेळलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, ऑनलाइन रोल प्लेइंग गेमचा सगळा संसार एवढ्याच गोष्टीवर उभा आहे.

त्या खेळात शत्रूवर बाण नेला की त्याची लेव्हल दिसायची, आणि त्या आकड्याचा रंग बोलायचा. हिरवा म्हणजे तुझ्यापेक्षा कमजोर. लाल म्हणजे भारी, जपून. आणि हिशेब सरळ. जेवढा मार दिला तेवढा अनुभव, एका माराला चार पॉइंट. कोंबडीला मारा नाहीतर राक्षसाला. रस्ता लांब होता, खोटं कशाला बोलू. ९९ व्या लेव्हलला १,३०,३४,४३१ पॉइंट लागायचे, आणि ९२ व्या लेव्हलला पोहोचलात की बरोबर निम्मं अंतर झालेलं असायचं. सात लेव्हल बाकी आणि निम्मं काम बाकी! पण हा तक्ता सगळ्यांना माहीत होता. फसलो असं कुणी म्हणत नव्हतं. मला परवडलं नाही, मी सोडला.

आता जरा या नियमाचं मूळ बघू, कारण माझं भांडण नियमाशी नाही. नियम चांगला आहे.

१९७४ साली अमेरिकेत डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. त्या पहिल्याच पुस्तिकेत तत्त्व आहे: आठव्या पायरीचा खेळाडू पाचव्या पायरीच्या तळघरात जाऊन लढला तर त्याला अनुभव पाच अष्टमांश. म्हणजे पैलवानानं गल्लीतल्या पोरांना चीत करून बक्षीस मागायचं नाही. आपल्या जत्रेतल्या फडात हेच असतं. जोड बघून कुस्ती लावतात आणि जोड बघून इनाम. फरक एवढा की त्या टेबलावर पंच म्हणून जिवंत माणूस बसलेला असायचा. निकाल पटला नाही तर त्याच्याशी भांडता यायचं.

पुढं पंचाच्या जागी संगणक आला. कोपनहेगन विद्यापीठातल्या पोरांनी डिकूमड नावाचा अक्षरांतून चालणारा ऑनलाइन खेळ केला. त्यात शत्रूला हात लावायच्या आधी 'कन्सिडर' असा हुकूम द्यायचा, की समोरचा किती भारी आहे ते खेळ सांगायचा. १९९९ साली आलेल्या एव्हरक्वेस्टनं त्याला रंग दिले. हिरवा, निळा, पांढरा, पिवळा, लाल. पांढरा म्हणजे तुझ्या बरोबरीचा. हिरवा म्हणजे मारून अनुभव शून्य. लाल असला तर खेळ सरळ विचारायचा, बाबा रे, तुझ्या थडग्यावर काय लिहू? थट्टा होती, पण सूचनाही होती. कारण त्या खेळात मेलात तर कमावलेला अनुभव कापला जायचा. चुकीचा अंदाज म्हणजे कित्येक तासांची मेहनत पाण्यात. म्हणून अंदाज घ्यायची सोय खेळानं स्वतःच दिली होती.

२००४ साली वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आला. त्याच्या सुरुवातीच्या वर्षांतला हिशेब खेळाडूंनी मारामाऱ्या मोजून मोजून काढला. तुमची लेव्हल गुणिले पाच, अधिक पंचेचाळीस. विसाव्या लेव्हलचा खेळाडू विसाव्या लेव्हलच्या शत्रूला मारतो तेव्हा १४५ पॉइंट. शत्रू बाविसाव्या लेव्हलचा असेल तर दहा टक्के जास्त, साधारण १६०. पंधराव्या लेव्हलचा असेल तर ७९ च्या आसपास. तेराव्या किंवा त्याच्याही खालचा असेल तर नाव करडं दिसतं आणि मिळतो भोपळा. पाच लेव्हल वरचा असेल तर लाल. दहा लेव्हल वरचा असेल तर आकडाच दिसत नाही, कवटी दिसते.

हे मी एवढं का सांगतोय? कारण हा काटा आहे. वजनकाटा.

बाजार समितीत शेतकरी तुरीचं पोतं काट्यावर टाकतो तेव्हा तो तीन गोष्टींच्या भरवशावर टाकतो. काटा समोर दिसतो. काटा सगळ्यांना सारखा आहे. आणि काट्यावर सरकारचा शिक्का आहे, तो दरवर्षी तपासला जातो. यातली एक गोष्ट हलली की झाली बोंब. काटा मारला म्हणतात त्याला. मी बावीस वर्षं बाजार समितीच्या बातम्या करतोय. काटा मारताना कुणी दरोडा घालत नाही. पोत्यामागं पाव किलो, अर्धा किलो. शेतकऱ्याला वाटतं, आपलंच माप कमी भरलं असेल.

भाच्यालाही तेच वाटत होतं. "मामा, मीच नीट खेळत नाही."

खेळातला काटा कसा मारतात, ते आता बघा. तीन तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा: काटा गुपचूप सरकवायचा. मार्च २०१७ मध्ये वॉरक्राफ्टच्या ७.२ या सुधारणेत काही शत्रूंची ताकद खेळाडूच्या अंगावरच्या हत्यारा-चिलखताप्रमाणं वाढायला लागली. बदलांच्या जाहीर यादीत हे लिहिलेलंच नव्हतं. खेळाडूंच्या लक्षात कसं आलं? चिलखत काढून लढलं तर शत्रू लवकर मरतोय, असं दिसायला लागलं! गदारोळ झाला, खेळाच्या प्रमुखाला पुढं येऊन खुलासा करावा लागला आणि तो परिणाम कमीही करावा लागला. विचार करा. शेतकऱ्यानं जास्त पोती आणली म्हणून काटा दर पोत्याला थोडं कमी दाखवतोय, आणि तसं फलकावर कुठंच लिहिलेलं नाही. तो काटा व्यापाऱ्यानं चांगल्या हेतूनं सरकवला असंल हो. पण विचारलं कुणाला?

दुसरी तऱ्हा: नेहमीचं माप कुठलं, हे आपणच ठरवायचं. याचा सगळ्यात सुंदर नमुना त्याच खेळाचा आहे. वॉरक्राफ्ट चाचणीत असताना असा नियम होता की फार वेळ सलग खेळलात तर मिळणारा अनुभव निम्मा होणार. लोक चिडले, शिक्षा कशाची म्हणून. मग कंपनीनं काय केलं? निम्म्याला 'नेहमीचा' म्हटलं आणि पुऱ्याला 'विश्रांतीचा दुप्पट बोनस' म्हटलं. हिशेब जवळजवळ तोच. लोक खूश! त्या वेळी त्यामागं पैसा नव्हता, उलट पोरांनी थोडं थांबावं हाच हेतू होता, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. पण धडा सगळ्या धंद्यानं घेतला. 'नेहमीचं' काय आणि 'दुप्पट' काय, हे ठरवणारा एकच, आणि तोच दुप्पट विकणारा. मग तो नेहमीचा वेग किती संथ ठेवील? २०१८ साली असॅसिन्स क्रीड ओडिसी आला. तो एकट्यानं खेळायचा खेळ, पूर्ण किमतीला विकलेला. तरी त्यात अनुभव पन्नास टक्के जास्त मिळेल असा कायमचा बूस्टर वेगळे पैसे घेऊन विकायला ठेवला होता, साधारण दहा डॉलरला. गिऱ्हाईक विचारायला लागले, की मग मूळचा वेग आम्हाला कंटाळा यावा म्हणूनच ठेवला होता का? रास्त प्रश्न आहे. दुकानदारच रांग लांब करणार आणि तोच रांग मोडायचं टोकन विकणार, तर रांग कमी कशी होईल?

तिसरी तऱ्हा: माणूस बघून माप. अ‍ॅक्टिव्हिजन या बड्या कंपनीला ऑक्टोबर २०१७ मध्ये अमेरिकेत एक पेटंट मिळालं. खेळाडूला कुणासमोर उभं करायचं ते असं ठरवायचं, की त्याला विकत घ्यायची इच्छा व्हावी. उदाहरणार्थ, नवख्याला अशा तरबेज खेळाडूसोबत टाकायचं की ज्याच्याकडं विकत घेतलेलं हत्यार आहे. कंपनीनं सांगितलं की हे संशोधनापुरतं होतं, कुठल्याही खेळात वापरलेलं नाही. मान्य करू. पण असं करता येतं, आणि ते डोक्यात येतं, एवढं तर कागदोपत्री सिद्ध झालं ना?

आणि कंपन्या विकलेल्या मालातही हात मारतात का? मारतात. दक्षिण कोरियातला मेपलस्टोरी हा जुना आरपीजी. त्यात हत्याराची ताकद बदलणारी 'क्यूब' नावाची वस्तू पैशानं मिळायची. चांगली ताकद लागण्याची शक्यता कंपनीनं मागच्या मागं कमी केली आणि खेळाडूंना सांगितलं नाही, असा ठपका तिथल्या स्पर्धा आयोगानं ठेवला आणि जानेवारी २०२४ मध्ये नेक्सॉन कंपनीला सुमारे ११.६ अब्ज वॉनचा दंड ठोकला. मार्च २०२४ पासून कोरियात अशा नशिबाच्या वस्तूंची शक्यता जाहीर करणं कायद्यानं बंधनकारक झालं. लक्षात घ्या, कोरियानं खेळ बंद केला नाही. काट्यावर शिक्का मारला.

आता येऊ भाच्याच्या खेळाकडं. नाव घेत नाही. एकाच खेळाला झोडपायचं नाही, अशा खेळांनी दुकानं भरलेली आहेत.

मी चार संध्याकाळी भाच्याशेजारी वही घेऊन बसलो. बातमीदाराला दुसरं काय येतं? मोजलं.

३४ वरून ३५ व्या लेव्हलला जायला १,२६,००० पॉइंट. भाचा ज्या नकाशावर आहे तिथला शत्रू ६० पॉइंट देतो. मिनिटाला सात मरतात. म्हणजे मिनिटाला ४२० पॉइंट, म्हणजे ३०० मिनिटं. पाच तास, एका लेव्हलला, तेच ते दळण. बूस्टर घेतला तर अनुभव दुप्पट, अडीच तास. बूस्टर एका तासाचा, २९ रुपयांना. अडीच तासाला तीन घ्यावे लागतात, ८७ रुपये. म्हणजे ८७ रुपयांत अडीच तास विकत मिळतात. हे अडीच तास कुणाच्या खिशातून आधी काढले होते, ते वर लिहिलंच आहे.

पुढच्या नकाशावरचा शत्रू १५० पॉइंट देतो. तिथं पाटी आहे, शिफारस केलेली ताकद ४८,०००. भाच्याची ४६,२००. पाटीचा रंग पिवळा, म्हणजे जमेल असा. आम्ही वीस लढाया केल्या. तेरा हरलो. हे पिवळं कसलं? हे तर लाल! जुन्या खेळांत रंग तुम्हाला सावध करायला होता. इथं रंग आत ओढायला आहे.

आणि हरलो तेव्हा काय झालं ते सांगतो. सलग तिसऱ्यांदा मेलं की खिडकी उघडते. 'तुमच्यासाठी खास, दुप्पट अनुभव, फक्त २९ रुपये, १० मिनिटं बाकी.' खाली घड्याळ उलटं पळतंय. आम्ही खिडकी बंद केली. दुसऱ्या दिवशी परत तीनदा मेलो. परत तीच खिडकी, परत दहाच मिनिटं बाकी. एसटी स्टँडवर 'शेवटचे दोनच नग' म्हणून पोतंभर माल विकणारा भेटतो, त्याला निदान ओरडून घसा तरी कोरडा करावा लागतो.

भाच्यानं एकदा १५९ रुपयांचा ताकदीचा पॅक घेतला होता, तिसाव्या लेव्हलला अडकला तेव्हा. ताकद वाढली, नकाशा पार झाला. चारच लेव्हल पुढं गेला आणि परत तीच भिंत. पंचेचाळीस डब्यांचे पैसे असे गेले. एकरकमी कुणी मागितले असते तर पोरगं घाबरलं असतं. पाव किलो, अर्धा किलो करत गेले.

मित्रांनो, आता कायद्याचं बघू. दाजींना वाटलं तसं आपल्या सगळ्यांनाच वाटतं, की रम्मी बंद झाली, प्रश्न मिटला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. एवढ्या वेगानं आमच्या तालुक्यातला एक पूलही मंजूर होत नाही. पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ बंद. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. त्याच्या महिनाभर आधी आपल्या विधिमंडळात एका मंत्र्यांच्या मोबाइलवर पत्त्यांचा खेळ दिसल्याचा व्हिडिओ गाजला होता. आपण खेळत नव्हतो असा त्यांचा खुलासा होता. असो. कायदा आला, मी स्वागतच केलं. पत्त्यांच्या अ‍ॅपवर पैसे हरलेल्या पोरांच्या बातम्या मीही दिल्यात.

पण कायदा नीट वाचा. त्याचा सगळा रोख पैसे लावून पैसे जिंकण्यावर आहे. माझ्या भाच्याला पैसे जिंकायचे नाहीत. त्याला पस्तिसावी लेव्हल पाहिजे. त्यामुळं त्याचा खेळ कायद्याच्या लेखी निव्वळ करमणुकीचा, 'सोशल गेम'. रम्मीत निदान परत काहीतरी मिळायची आशा होती. इथं ३,१७० रुपये गेले ते गेलेच, आणि हा खेळ कायद्याच्या दृष्टीनं स्वच्छ! जुगार नाही म्हणून लूट नाही, असं कुठं असतं?

काही लोक म्हणतील, चीनसारखं करा. चीननं २००७ मध्येच नियम आणला होता. अल्पवयीन मूल तीन तासांपेक्षा जास्त खेळलं की त्याला मिळणारा अनुभव निम्मा, पाच तासांनंतर शून्य. बघा, सरकारलाही कळलं होतं की खेळाची नाडी एक्सपीत आहे. २०२१ मध्ये त्यांनी आणखी आवळलं. शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ, बास. मला हा मार्ग पटत नाही. त्यासाठी प्रत्येक खेळाडूची ओळख सरकारशी जोडावी लागते. पोरं आजोबांच्या नावानं खाती काढतात. आणि मुख्य म्हणजे काटा तसाच राहतो. एका तासात मारला तरी काटा तो काटाच.

आता नेहमीचे आक्षेप. उत्तरं देऊन टाकतो, म्हणजे कमेंटमध्ये वेळ जायला नको.

'खेळ आहे, कुणी जबरदस्ती केली?' कुणीच नाही. सोन्याच्या दुकानातही कुणी जबरदस्तीनं नेत नाही. तरी तिथल्या तराजूवर शिक्का लागतो. घेणं न घेणं गिऱ्हाइकाची मर्जी, पण माप खरं असणं ही दुकानदाराची जबाबदारी.

'आईबापांनी लक्ष ठेवावं.' ठेवावंच. भाच्याच्या हातून पिन काढून घेतला आहे आणि त्यानं उन्हाळ्याच्या सुट्टीत डबे पोचवून पैसे फेडायचे असं ठरलंय. चूक त्याची होती, त्याला सूट नाही. पण ताई पहाटे साडेचारला उठते. पिवळी पाटी प्रत्यक्षात लाल आहे, हे तिनं कसं ओळखायचं? मला चार संध्याकाळी लागल्या.

'हिशेब हे कंपनीचं गुपित आहे.' मसाल्याची पाककृती गुपित असते हो. पाकिटातलं वजन आणि किंमत गुपित नसते. ती छापावी लागते.

'सगळे खेळ तसे नसतात.' बरोबर. म्हणूनच मी वर चांगले नमुने सांगितले. प्रामाणिक काटा ठेवणाऱ्याचं तपासणीनं काहीच बिघडत नाही. उलट त्याचाच धंदा वाढतो.

'हजारो खेळ, तपासणार कोण?' खेळाडूच तपासतात. वॉरक्राफ्टचा हिशेब खेळाडूंनीच काढला, २०१७ ची चोरवाट त्यांनीच पकडली. पोरांना मोजता येतं. त्यांचं मोजलेलं ऐकून घ्यायला एक खिडकी पाहिजे, एवढंच.

म्हणून मागणी सरळ आहे. बंदी नको.

एक, लढाईच्या आधी शत्रू किती अवघड आणि मारला तर अनुभव किती, हे खरं खरं दाखवा. रंग कशावरून ठरतो ते खेळात लिहा.

दोन, पैसे न भरता पुढच्या लेव्हलला किती वेळ लागेल ते विक्रीच्या खिडकीवरच छापा. पाकिटावर एमआरपी असते तसं. '२९ रुपये' हे मोठ्या अक्षरात आणि 'यानं फक्त एक तास भागेल, तुम्हाला अडीच लागतील' हे कुठंच नाही, असं चालणार नाही.

तीन, दर बदलला तर तारखेसह जाहीर करा. आणि काटा सगळ्यांना एकच ठेवा. कोण किती हरतो, कोण किती घेतो हे बघून माप बदलायचं नाही. अठराच्या आतल्या मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं मनाई केलीच आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, बहुतेक तरतुदी लागू व्हायला दीड वर्षाची मुदत आहे. ती मुदत संपली की कंपन्यांना हे विचारायचं, आत्तापासून लिहून ठेवा.

चार, खोटी घड्याळं बंद. याला तर नवा कायदाही नको. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या मांडणीचे तेरा प्रकार नियमांत लिहून काढलेत. त्यात खोटी घाई हा प्रकार आहे, पाठीमागं लागून त्रास देणं हाही आहे. मग रोज नव्यानं सुरू होणारी ती 'दहा मिनिटं' दुसरं काय आहे? अधिकाऱ्यांनी बनावट गिऱ्हाईक पाठवून दुकान तपासावं तसं एक खातं काढावं, तीनदा हरावं आणि घड्याळ बघावं. एका दुपारचं काम आहे.

ताईच्या वतीनं मी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली आहे, वहीतल्या मोजमापासकट. पुढं काय होतं ते इथंच लिहीन. काही झालं नाही तर तेही लिहीन.

तोवर एक करा. पोराच्या हातातून मोबाइल हिसकावायच्या आधी त्याच्या शेजारी बसा आणि तीन प्रश्न विचारा. याला मारलं तर किती मिळतं? पुढच्या लेव्हलला किती लागतात? पैसे न भरता किती तास? त्याला उत्तरं देता आली तर खेळ बऱ्यापैकी सरळ आहे. नाही आली तर दोघं मिळून मोजा. भाच्यानं आता स्वतःच वही केलीय. परवा मला म्हणाला, "मामा, पस्तीसवरून छत्तीसला साडेसहा तास लागणारेत. मी नाही खेळत." मी काहीच बोललो नव्हतो.

पोस्ट कॉपी करा, शेअर करा, माझं नाव नाही टाकलं तरी चालेल. फक्त आपल्या खासदाराला टॅग करायला विसरू नका. रम्मीसाठी तीन दिवसांत कायदा होतो. काट्यावर शिक्का मारायला किती दिवस लागतात, ते बघू.